तयार टेम्प्लेटवरून वृंदगानाचा स्कोअर: म्यूझस्कोरमध्ये पहिल्या खिडकीपासून छापील पानापर्यंत

स्टाफ नोटेशन (पाच रेघांच्या संचावर, म्हणजे स्टाफवर, सूर मांडण्याची पाश्चात्त्य स्वरलिपी) लिहायला बसल्यावर वेळ सुरांत जात नाही. वेळ जातो तो टेनॉरला (पुरुषांच्या वरच्या आवाजाला) कुठला क्लेफ (स्टाफवर सुरांची जागा ठरवणारं सुरुवातीचं चिन्ह) द्यायचा, चार आवाजांना कंस कसा घालायचा, पियानोचे दोन स्टाफ जोडायचे कसे आणि देवनागरी शब्दांचे उकार खालच्या रेघेत घुसतात त्याचं काय करायचं, यात. यातली पहिली तीन कामं टेम्प्लेट, म्हणजे आधीच मांडून ठेवलेला रिकामा स्कोअर, करून देतं. चौथं करत नाही, कारण सोबत येणारी टेम्प्लेट्स रोमन अक्षरं आणि पाश्चात्त्य गायकवृंद डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहेत. म्हणून तयार टेम्प्लेटवर काम सुरू करावं, पण तिथेच थांबू नये. एकदा नीट बसवून ते आपलं म्हणून जतन करावं.

इथे म्यूझस्कोर 4 हे नोटेशन लिहिण्याचं सॉफ्टवेअर धरलं आहे. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. उदाहरण म्हणून चार आवाज, पियानो आणि तबला असा वृंदगानाचा स्कोअर घेऊ. शाळा-कॉलेजच्या स्पर्धांपासून परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांपर्यंत हा संच बऱ्याच ठिकाणी लागतो.

टेम्प्लेट निवडताना

कंट्रोल + एन दाबलं की नव्या स्कोअरची खिडकी उघडते. तिथे दोन टॅब असतात: एकात वाद्यं एकेक करून निवडायची, दुसऱ्यात टेम्प्लेटवरून सुरुवात करायची. दुसऱ्या टॅबमध्ये डावीकडे गट दिसतात: जनरल, कोरल, चेंबर म्युझिक, सोलो, जॅझ, पॉप्युलर, बँड, ऑर्केस्ट्रल. आपल्याला कोरल गटातलं सोप्रानो-आल्टो-टेनॉर-बास (वरून खाली, स्त्रियांचे दोन आणि पुरुषांचे दोन आवाज) अधिक पियानो हे टेम्प्लेट हवं.

याच संचाची दोन रूपं यादीत दिसतील आणि इथेच पहिली गफलत होते. एका रूपात चार आवाजांना चार स्टाफ असतात. दुसऱ्याच्या नावात ‘क्लोज्ड स्कोअर’ असतं. त्यात वरच्या स्टाफवर सोप्रानो-आल्टो आणि खालच्या स्टाफवर टेनॉर-बास असे दोन-दोन आवाज एकत्र बसवलेले असतात. पान वाचतं म्हणून अनेक जण दुसरं घेतात. चारही आवाज एकाच लयीत चालतात अशा प्रार्थनेला किंवा चर्चमधल्या स्तोत्रगीताला ते उत्तम. पण मराठी वृंदगानात बहुधा एक आवाज मूळ चाल धरतो, बाकीचे आकार लावतात किंवा शब्द मागून घेतात. शब्द वेगवेगळ्या वेळी पडायला लागले की दोन आवाजांच्या शब्दांच्या ओळी एका स्टाफखाली कोंबाव्या लागतात आणि वाचणारा गोंधळतो. तेव्हा चार स्टाफचंच रूप घ्या.

क्लोज्ड स्कोअर घेतलाच तर खालचा आवाज व्हॉइस 2 मध्ये लिहायचा (कंट्रोल + ऑल्ट + 2). दोन्ही सूर व्हॉइस 1 मध्ये एकमेकांवर रचले तर त्याची कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) होते, दांडी एकच राहते आणि आल्टोला वेगळी लय देताच येत नाही. हे चुकलं तर पुढे सगळं परत लिहावं लागतं.

ऑर्गन असलेलं रूप गोव्यातल्या चर्चच्या गायकवृंदांच्या कामाचं. मात्र त्यात ऑर्गनला पेडलसाठी तिसरा स्टाफ असतो. कॉयरजवळ साधा कीबोर्ड असेल तर पियानोचंच टेम्प्लेट बरं, नाहीतर तिसरा स्टाफ शेवटपर्यंत रिकामा राहून प्रत्येक ओळीत जागा खातो. मांडो (गोव्यातला कोकणी गीतप्रकार) लिहायचा असेल तर बहुधा सोप्रानो-आल्टो दोनच स्टाफ पुरतात. मांडोची चाल प्रामुख्याने तिसऱ्या-सहाव्या सुरांच्या अंतराने जाणाऱ्या दोन आवाजांची, ताल सहसा 6/4. टेनॉर-बास काढून टाका आणि व्हायोलिन घाला.

दुसरं पान: पट्टी, ताल, उठाव

टेम्प्लेट निवडून पुढे गेलं की की सिग्नेचर (पट्टीची चिन्हं), टाइम सिग्नेचर (तालाचा आकडा), टेम्पो, उठावाचा (समेआधी गाणं सुरू होण्याचा) अपुरा बार आणि एकूण बार (उभ्या रेघांमधले तालाचे खण) विचारले जातात. लोक हे पान घाईत ओलांडतात. पट्टी आणि ताल नंतरही बदलता येतात, पण उठाव नंतर घालणं कटकटीचं आहे. त्यामुळे हे पान बसून भरा.

गायक सांगतो ‘काळी पाच’. सॉफ्टवेअर विचारतं शार्प (अर्धा सूर चढवणारं चिन्ह) किती आणि फ्लॅट (अर्धा सूर उतरवणारं) किती. पांढरी एक म्हणजे सी, तिथपासून मोजलं तर काळी एक सी-शार्प, काळी दोन डी-शार्प, काळी तीन एफ-शार्प, काळी चार जी-शार्प आणि काळी पाच ए-शार्प. पण मेजरमध्ये लिहिताना काळी पट्टी शक्यतो फ्लॅटच्या नावाने घ्या: काळी एक डी-फ्लॅट (5 फ्लॅट), काळी दोन ई-फ्लॅट (3), काळी चार ए-फ्लॅट (4), काळी पाच बी-फ्लॅट (2). काळी तीन कुठूनही आली तरी सहाच चिन्हं. जी-शार्प मेजरला आठ शार्प लागले असते, तशी की सिग्नेचर यादीत मिळतच नाही.

हे झालं बिलावलचं, म्हणजे सगळे सूर शुद्ध असताना. थाट बदलला की याच आकड्यात भर पडते. खमाजला 1 फ्लॅट जास्त, काफीला 2, आसावरीला 3, भैरवीला 4. कल्याणला उलट 1 शार्प जास्त, म्हणजे फ्लॅटच्या पट्टीत 1 फ्लॅट कमी. काळी पाचात काफी अंगाचं गाणं असेल तर 2 अधिक 2, चार फ्लॅट. काळी एकात भैरवी असेल तर 5 अधिक 4, नऊ फ्लॅट, आणि इथे हिशेब अडतो. अशा वेळी तीच पट्टी सी-शार्प म्हणून धरा: 7 शार्पमधून 4 वजा केले की उरतात 3 शार्प. यादीतून ए मेजर निवडायचं. षड्ज सी-शार्पवरच राहतो, फक्त चिन्हं तीन होतात. काळी चारातल्या भैरवीला याच वाटेने 4 शार्प येतात.

भैरव, पूर्वी, मारवा, तोडी हे थाट साध्या की सिग्नेचरमध्ये बसत नाहीत. मास्टर पॅलेटमध्ये (शिफ्ट + एफ9) स्वतःची की सिग्नेचर बनवता येते, पण वाचणारे पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले असतील तर ती त्यांना अनोळखी दिसते आणि पहिल्या वाचनात हमखास चुका होतात. जवळची नेहमीची की घेऊन उरलेली चिन्हं सुरांपुढे घालणं जास्त सोयीचं.

तालाचं गणित सोपं आहे, फक्त एक मात्रा म्हणजे कुठली नोट हे आधी ठरवा. केरव्याच्या आठ मात्रा आठ क्वेव्हर (एक अष्टमांश नोट) मानल्या तर एक आवर्तन म्हणजे 4/4 चा एक बार. त्रितालात मात्रा क्रॉचेटची (दोन क्वेव्हरएवढ्या नोटची) धरली तर आवर्तनाला चार बार लागतात. दादरा द्रुत असेल तर 6/8, संथ असेल तर 3/4. झपतालाला 5/4 चे दोन बार. रूपकाला 7/8 किंवा 7/4, आणि इथे एक काम जास्तीचं: मास्टर पॅलेटच्या टाइम सिग्नेचर विभागात किंमत 7/8 ठेवून वर दिसणारा मजकूर 3+2+2 असा करता येतो. तो केला तर वाचणाऱ्याला विभाग कळतात. क्वेव्हरचे गट त्याप्रमाणे जुळले नसतील तर टाइम सिग्नेचरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गट बदला.

6/8 घेतलं तर टेम्पो भरताना टिंबवाली क्रॉचेट निवडायला विसरू नका. साधी क्रॉचेट 80 आणि टिंबवाली क्रॉचेट 80 यांत दीडपटीचा फरक आहे. प्लेबॅक रडत चालला की बहुतेक वेळा कारण हेच असतं.

आता उठाव. केरव्याच्या सातव्या मात्रेवर गाणं उठत असेल तर समेआधी दोन क्वेव्हर आहेत, म्हणून अपुरा बार 1/4 चा. पाचव्या मात्रेवर उठत असेल तर 2/4 चा. त्रितालातली चीज मात्र नवव्या, म्हणजे खालीच्या (टाळी नसलेल्या) मात्रेवर उठत असेल तर अपुऱ्या बारची गरजच नाही: समेआधी 4/4 चे दोन पूर्ण बार येतात. हे न ओळखता उगाच अपुरा बार घातला की सम बारच्या मधोमध पडते आणि पियानोवाला शेवटपर्यंत चुकीच्या ठिकाणी जोर देत राहतो.

बारांची संख्या 32 भरलेली येते. ती ढोबळ राहू द्या. शेवटी उरलेले बार निवडून कंट्रोल + डिलीट दाबा. नुसतं डिलीट दाबलं तर बार जात नाही, आतला मजकूर जातो. कमी पडले तर कंट्रोल + बी ने शेवटी एकेक बार वाढतो.

संच दुरुस्त करणं

स्कोअर उघडला की एफ7 दाबून डावीकडचं वाद्यांचं पॅनेल काढा. तिथून तबला घालायचा. वाद्यांच्या यादीत सुरुवातीला फक्त नेहमीची वाद्यं दिसत असतील तर वरच्या निवडीत सगळी वाद्यं करा किंवा शोधचौकटीत नाव टाका. तबल्याच्या स्टाफला पाच रेघांची गरज नसते. स्टाफ प्रॉपर्टीजमध्ये रेघांची संख्या 1 करा. नोटहेड रेघेवर बसलं नाही तर वाद्याच्या ड्रमसेटच्या खिडकीत त्याची उंची बदलते.

तबल्याचे बोल शब्दांसारखेच लिहायचे: पहिल्या नोटवर क्लिक, कंट्रोल + एल, मग धा, स्पेस, गे, स्पेस, ना, स्पेस, ती, आणि पुढे ना क धी ना. एक आवर्तन लिहून पुढे पुनरावृत्तीची चिन्हं घातली की तबलजीला पुरतं. त्याच्या हाताला जे येतं ते स्टाफवर बारीकसारीक लिहून देण्यात अर्थ नाही, त्याला सम, तिहाईची जागा आणि थांबे कळले की झालं. तबल्याच्या आवाजाची अपेक्षाही ठेवू नका. जनरल मिडीच्या (संगणकावरच्या वाद्यांच्या ठरलेल्या यादीच्या) 128 आवाजांत सतार आणि सनई आहे, तबला नाही. मिक्सरमध्ये (एफ10) तो चॅनल बंद करून टाकावा. हार्मोनियमलाही त्यात स्वतंत्र जागा नाही, जवळचा आवाज रीड ऑर्गनचा.

टेनॉरचा क्लेफ बघून घ्या. चार स्टाफच्या टेम्प्लेटमध्ये टेनॉर ट्रेबल क्लेफखाली छोटा 8 असलेल्या क्लेफमध्ये असतो, म्हणजे लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. तो बदलून कुणी साधा ट्रेबल क्लेफ ठेवला तर प्लेबॅकला टेनॉर सोप्रानोच्या जागेत ऐकू येतो आणि सगळी हार्मनी चुकीची वाटायला लागते. सूर बरोबर असतात, क्लेफ चुकलेला असतो.

नावं मराठीत हवी असतील तर स्टाफच्या नावावर दोनदा क्लिक करा. दोन नावं भरायची असतात: पहिल्या ओळीपुढचं पूर्ण नाव आणि पुढच्या ओळींचं संक्षिप्त. संक्षिप्त नाव एक-दोन अक्षरांपलीकडे नेऊ नका (सो., आ., टे., बा., त.), कारण तितकी जागा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला जाते.

बँड किंवा जॅझ कॉम्बोचं टेम्प्लेट घेतलं असेल तर आणखी एक सापळा आहे. ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन ही वाद्यं लिहिल्यापेक्षा वेगळ्या सुरात वाजतात: बी-फ्लॅट ट्रंपेट एक पूर्ण सूर खाली, ई-फ्लॅट आल्टो सॅक्स सहा सुरांच्या मेजर अंतराने खाली. खाली उजवीकडे कॉन्सर्ट पिचचं बटण आहे. हार्मोनियमवर वाजवून काढलेले सूर टाकायचे असतील तर ते बटण चालू ठेवून लिहा, आणि छापण्याआधी बंद करा. बंद असताना हार्मोनियमचे सूर जसेच्या तसे टाकले तर ट्रंपेट सगळ्यांपेक्षा एक सूर खाली वाजेल, आणि ते तालमीतच कळेल. एक सुखद योगायोग असा की काळी पाचातलं बिलावल अंगाचं गाणं बी-फ्लॅट ट्रंपेटवाल्याला थेट सी मेजरमध्ये येतं. लग्नाच्या बँडमधल्या वादकाला ही पट्टी दिली की तो खूश.

पानाचा हिशेब

इथे थोडं थांबू, कारण मराठी स्कोअर बिघडतो तो याच ठिकाणी.

फॉरमॅट मेनूतल्या पेज सेटिंग्जमध्ये कागद ए4 असल्याची खात्री करा. परदेशातल्या संगणकावर लेटर आकार असू शकतो; तो ए4 पेक्षा आखूड पण रुंद असतो, म्हणून इथे छापला की मांडणी बिघडते आणि कडेचा भाग कापला जाऊ शकतो. त्याच खिडकीत स्टाफ स्पेस असते, म्हणजे दोन रेघांमधलं अंतर. नेहमीची 1.75 मिमी. पाच रेघांत चार अंतरं, म्हणून स्टाफ 7 मिमी उंच.

आपल्याकडे चार आवाज, पियानोचे दोन आणि तबल्याचा एक असे सात स्टाफ आहेत. शब्दांची जागा धरून एका स्टाफला साधारण 13 स्टाफ स्पेस लागतात असं मानू. 1.75 ने गुणलं तर एक स्टाफ जवळपास 23 मिमी, सात मिळून 159. सातही स्टाफ मिळून पानावरची एक ओळ होते. ए4 ची उंची 297, वरखाली 15-15 समास सोडले तर 267 मिमी हातात राहतात. म्हणजे पानावर एकच ओळ बसते आणि खाली शंभरेक मिमी रिकामं. स्टाफ स्पेस 1.4 केली तर एक ओळ 127 मिमी, दोन ओळी 255. दुसऱ्या पानापासून दोन ओळी आरामात बसतात. पानं निम्मी होतात आणि गायकांना उलटापालट कमी. 1.4 म्हणजे 5.6 मिमीचा स्टाफ, हातात धरून गाणाऱ्याला वाचता येतो. त्याखाली जाऊ नका.

पण स्टाफ लहान केला की अक्षरंही लहान होतात, हे लक्षात येत नाही. टेक्स्ट स्टाइलमध्ये ‘फॉलो स्टाफ साइझ’ अशी खूण असते आणि शब्दांना ती लागलेलीच असते. 10 पॉइंटचे शब्द 1.75 वरून 1.4 वर आले की कागदावर 8 पॉइंट पडतात. रोमन अक्षर 8 पॉइंटला चालतं, देवनागरी नाही: जोडाक्षरं आणि रफार एकमेकांत मिसळतात. कागदावर 11 हवे असतील तर स्टाइलमध्ये 14 भरा, 14 च्या चार पंचमांश म्हणजे 11.2.

आता फॉन्ट. म्यूझस्कोरचा नेहमीचा मजकुराचा फॉन्ट एडविन आहे. त्यात देवनागरी नाही, म्हणून संगणक मिळेल तो दुसरा फॉन्ट उचलतो आणि प्रत्येक मशीनवर पान वेगळं दिसतं. ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट, नोटो सेरिफ देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी यांपैकी एक बसवा. मग फॉरमॅट, स्टाइल, टेक्स्ट स्टाइल्स या वाटेने जाऊन फॉन्ट बदला. शब्दांसाठी तिथे दोन वेगळ्या नोंदी आहेत: विषम ओळी आणि सम ओळी. पहिलीच बदलली तर पहिलं कडवं नीट दिसतं, दुसरं एडविनच्या नावाखाली भलत्याच फॉन्टमध्ये येतं, आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते. दोन्ही बदला. शीर्षक, उपशीर्षक, संगीतकार, गीतकार, टेम्पो, कॉपीराइटची तळटीप यांचाही फॉन्ट याच बैठकीत बदलून टाका.

देवनागरीला खाली उकार आणि वर वेलांट्या-रफार असतात, म्हणून स्टाइलच्या लिरिक्स विभागात शब्द आणि स्टाफ यांतलं किमान अंतर थोडं वाढवा. ‘पू’, ‘र्थी’, ‘कृ’ अशी अक्षरं मुद्दाम टाकून बघा, ती सुटी दिसली की बाकी सगळी दिसतात.

शब्द बसवताना

कंट्रोल + एल, अक्षर, मग शब्द संपला तर स्पेस आणि शब्द चालू असेल तर हायफन. एक अक्षर अनेक सुरांवर लांबवायचं असेल तर अंडरस्कोर. तुकडे अक्षरांवर पाडा, जोडाक्षर कधी फोडू नका. ‘ज्ञा-ने-श्व-र’ बरोबर. ‘श्’ आणि ‘व’ वेगळे केले की पाय मोडलेला श उघडा पडतो आणि गाणारा तिथे अडखळतो.

इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्यांची एक अडचण होते: त्या मांडणीत शिफ्ट आणि हायफनची कळ दाबली की अंडरस्कोरऐवजी विसर्ग उमटतो. आकार लांबवायला गेलं की ओळभर विसर्ग. यावर सोपा उपाय असा: सगळे शब्द आधी साध्या मजकूर फाइलमध्ये हायफन घालून टाइप करा, ते कॉपी करा, पहिल्या नोटवर कंट्रोल + एल दाबा आणि मग कंट्रोल + व्ही पुन्हा पुन्हा. प्रत्येक दाबाला एक अक्षर बसतं आणि पुढच्या नोटवर उडी पडते. अंडरस्कोर लागेल तिथे तेवढ्यापुरता इंग्रजी कीबोर्ड.

हा मजकूर युनिकोडच हवा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेलं गाणं चिकटवलं तर विचित्र रोमन चिन्हं दिसतील. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

सरगम हवी असणारेही असतात. भातखंडे पद्धतीची लेखनशैली या टेम्प्लेट्समध्ये नाही, पण शब्दांच्या दुसऱ्या ओळीत सा रे ग म लिहून काम भागतं. कोमल स्वराखालची रेघ कंट्रोल + यू ने येते. फक्त ही सरगम दुसऱ्या कडव्याची जागा खाते, त्यामुळे दोन कडवी असतील तर ती तिसऱ्या ओळीत टाका.

आपलं टेम्प्लेट जतन करणं

सगळं बसलं की लगेच जतन करू नका. आठ बारांचा नमुना लिहा: सगळ्यात लांब शब्दांची ओळ, सोप्रानोचा सगळ्यात वरचा आणि बासचा सगळ्यात खालचा सूर, पियानोची भरगच्च कॉर्ड. पीडीएफ काढून कागदावर छापा. पडद्यावर ठीक दिसणारं अंतर कागदावर दाटीचं निघतं. झेरॉक्सच्या दुकानात छापणार असाल तर ‘फिट टू पेज’ नको म्हणून सांगा, 100 टक्क्यांवरच छापायचं. नाहीतर मिलिमीटरचा सगळा हिशेब पाण्यात.

मग:

1. नमुन्याचे सूर पुसा. फाइल मेनूतल्या प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शीर्षक, संगीतकार, गीतकार या नोंदीही रिकाम्या करा. पानावरचं शीर्षक आणि ही नोंद वेगवेगळ्या ठिकाणी साठते. पानावरचं पुसलं तरी इथलं जुनं नाव राहतं.
2. फाइल डॉक्युमेंट्सच्या आत म्यूझस्कोर4 फोल्डरमधल्या टेम्प्लेट्स या फोल्डरमध्ये जतन करा. नेमकी जागा प्रेफरन्सेसच्या फोल्डर्स विभागात दिसते. क्लाउडवर नको, संगणकावरच.
3. नाव असं द्या की सहा महिन्यांनी कळेल: ‘वृंद-4-पियानो-तबला-ए4’.
4. पुन्हा कंट्रोल + एन. टेम्प्लेटच्या टॅबमध्ये स्वतःच्या टेम्प्लेट्सचा गट आलेला दिसेल.

यातून वाद्यं, त्यांचा क्रम, क्लेफ, कंस, पानाचा आकार आणि स्टाइल येते. सूर आणि शब्द येत नाहीत, पट्टी आणि ताल दुसऱ्या पानावर परत भरायचे. तबल्याचं ठरलेलं आवर्तन किंवा पियानोचा ठरावीक प्रवेशही दरवेळी हवा असेल तर टेम्प्लेटचा रस्ता चुकीचा आहे. त्यासाठी भरलेली फाइल वेगळी ठेवा, ती उघडा आणि पहिलं काम म्हणून सेव्ह अ‍ॅज करा. आधी लिहून मग सेव्ह अ‍ॅज करू असं ठरवणारा कधीतरी मूळ फाइलवरच सेव्ह करतो. ती फाइल गुणधर्मांतून फक्त वाचण्यापुरती करून ठेवलेली बरी.

स्टाइल स्वतंत्रही जतन करता येते (फॉरमॅट, सेव्ह स्टाइल). ही छोटी फाइल टेम्प्लेटपेक्षा जास्त वेळा कामी येते: जुने स्कोअर उघडून तीच स्टाइल लोड केली की फॉन्ट, अंतरं, तळटीप सगळं एका फटक्यात बदलतं. सुट्या पार्ट्ससाठी (एकेका वादकाच्या वेगळ्या पानांसाठी) मात्र वेगळी स्टाइल करा. तिथे एकच स्टाफ असतो, म्हणून स्टाफ स्पेस परत 1.75 किंवा थोडी जास्त. मुख्य स्कोअरच्या 1.4 वर व्हायोलिनचा पार्ट काढला तर स्टँडवरून वाचता येत नाही. दोन्ही फाइल्स प्रेफरन्सेसमध्ये नेहमीच्या म्हणून नेमता येतात.

टेम्प्लेट दुसऱ्याला पाठवताना फॉन्टची फाइलही पाठवा. म्यूझस्कोरच्या फाइलमध्ये मजकुराचा फॉन्ट जात नाही. पीडीएफमध्ये तो जातो, म्हणून गायकांना पीडीएफ आणि सहकारी अरेंजरला मूळ फाइल अधिक फॉन्ट.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेलं काम

सिबेलियसमध्ये टेम्प्लेटला मॅन्युस्क्रिप्ट पेपर म्हणतात, डोरिकोमध्ये प्रोजेक्ट टेम्प्लेट. ती इथे उघडत नाहीत. फिनाले या जुन्या नोटेशन सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याचं ते बनवणाऱ्या मेकम्युझिकने ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केल्यापासून जुने फिनाले स्कोअर इकडे आणणारे बरेच आहेत. त्यांनी ज्या संगणकावर फिनाले अजून उघडतं तिथून म्युझिक-एक्सएमएल (वेगवेगळ्या नोटेशन सॉफ्टवेअरना वाचता येणारा फाइल प्रकार) काढून घ्यावं, आणि लवकर काढावं. सूर, शब्द, ताल, पट्टी नीट येतात. मांडणीवर विसंबू नये. आलेली फाइल उघडून आपली स्टाइल लोड करा आणि तीन गोष्टी हाताने तपासा: टेनॉरच्या क्लेफखालचा 8, बी-फ्लॅट वाद्यांचं ट्रान्सपोझिशन (लिहिलेल्या आणि वाजणाऱ्या सुरांतलं अंतर) आणि शब्दांतले हायफन. फिनालेमधली देवनागरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर शब्द परत बसवण्यावाचून इलाज नाही. सूर तसेच ठेवून फक्त शब्द निवडा (एका अक्षरावर राइट क्लिक, सिलेक्ट, सारख्या प्रकारचं सगळं), पुसा, आणि युनिकोड मजकूर कंट्रोल + व्ही ने भरत जा.